खोक्यावरील मोठा आकडा

यंदाच्या अंकासाठी काही लिहून द्यावे असा संपादकमंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. एक गोष्ट बरेच दिवस मनास टोचत होती. ती विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास वार्षिकाची पाने हेच योग्य स्थळ आहे असे वाटले. विषय दिसावयास रूक्ष आहे. टेबलावरील संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड विकत घेताना त्याच्या खोक्यावर छापलेले आकडे कसे वाचावे, एवढाच तो आहे. परंतु हे आकडे वाचता न आल्यामुळे आम्ही एकदा दुसऱ्यांचे पैसे वाया घालविले, आणि ते पैसे कोणाचे होते हे आठवले म्हणजे आजही आमची मान खाली जाते.

हकिकत अशी. सन २०२२ मधील दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा नववीच्या काही मुलामुलींनी अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची आकृती संगणकात उभी करण्याचा संकल्प केला. १६८० साली शिवाजी महाराजांनी ज्याच्या बांधकामास हात घातला व पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे जे ठाणे झाले, तो हा जलदुर्ग आमच्या मुलांच्या नित्य परिचयाचा आहे. ओहोटीला पायी जावे, तटाची, बुरुजांची व दरवाजाची छायाचित्रे चोहोंकडून घ्यावी आणि भरती चढण्यापूर्वी किनारा गाठावा, असा क्रम त्यांनी ठेविला. अशी शेकडो छायाचित्रे दिली असता त्यांवरून सर्व बाजूंनी फिरवून पाहता येईल अशी आकृती तयार करणारा ‘मेशरूम’ नावाचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. मात्र हे काम शाळेच्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे, असे कळले.

पालकसभेने वर्गणी जमवून सहा हजार रुपये आमच्या हाती दिले. आमचे बहुतेक पालक कोळीवाड्यातले. काही नारळ-सुपारीच्या वाड्यांत कामाला, काही रोजंदारीवर जाणारे. पाकिटातील नोटा दहा, वीस व पन्नासांच्या होत्या, आणि त्यांतील कित्येकांना मासळीचा वास येत होता. ते पाकीट घेऊन आम्ही मांडव्याच्या बोटीने मुंबईस गेलो व एका दुकानाची पायरी चढलो.

दुकानदाराने विचारले, “सर, काम काय करायचे आहे?” हा प्रश्न आम्हांस उगाच चौकशीचा वाटला. आम्ही पदवीधर, वीस वर्षे गणित शिकविलेले. आपणांस यातले काही कळत नाही हे त्या तरुण माणसापुढे कबूल करणे आमच्या जिवावर आले. त्याने दोन खोकी पुढे ठेविली. एकावर ‘२ जीबी’ असे छापले होते व दुसऱ्यावर ठसठशीत अक्षरांत ‘४ जीबी’. किंमत जवळजवळ सारखी. तो म्हणाला, “चारवाल्याची मेमरी मोठी आहे, सर, पण संथ आहे.” आम्ही म्हटले, “चारचेच द्या.” दोनाहून चार मोठे, हे गणित आम्हांस पक्के ठाऊक होते!

शाळेत येऊन कार्ड बसविले. पहिल्या रात्री संगणक चालू ठेवून आम्ही घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तो चौथा हिस्साही काम झालेले नाही. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी नववीतील एक मुलगी रिकामे खोके हाती घेऊन त्याच्या कडेचा बारीक मजकूर वाचीत बसली होती. तिने विचारले, “सर, इथे ‘६४ बिट’ आणि ‘डीडीआर ३’ असं लिहिलंय. म्हणजे काय?” आम्हांस उत्तर देता आले नाही. समजत नसेल ते विचारण्यास लाजू नये, हे वाक्य आम्ही वर्गात किती वेळा उच्चारले असेल त्याची गणती नाही. आणि दुकानात नेमके तेच करण्यास आम्ही लाजलो होतो.

मिशनच्या वसतिगृहात आम्ही वाढलो, तेथे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक मुलास आपल्या खर्चाचा हिशोब उभे राहून वाचून दाखवावा लागे. तीच सवय कामी आली. पुढच्या पालकसभेत आम्ही उठून सांगितले, की वर्गणीतून घेतलेली वस्तू कामाची निघाली नाही, दोष आमचा आहे, व ती रक्कम आम्ही तीन हप्त्यांत भरून देऊ. क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्याच मुलीची आई, जी बाजारात मासळी विकावयास बसते, ती म्हणाली, “सर, मासा काय लांबीवर घ्यायचा असतो? कल्ला उघडून बघायचा.” सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना ते शब्द मनात घोळत राहिले. लांबी खोटी नसते, पण मासा ताजा आहे की नाही हे ती सांगत नाही. खोक्यावरील ‘४ जीबी’ हेही खोटे नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही व ती मुले मिळून कल्ला उघडावयास शिकलो. जे शिकलो ते येथे थोडक्यात देतो.

प्रथम हे कार्ड करते काय ते पाहू. सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे ठिपके असतात. गुणाकार करून पाहा, ते २० लाखांहून अधिक भरतात. सेकंदास साठ वेळा चित्र पालटावयाचे तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचा हिशोब सोपा, पण संख्या अफाट. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा अनुभवी तांडेलासारखा आहे. अवघड निर्णय तो झटकन घेतो. परंतु होडी वाळूवर ओढून घ्यावयाची असेल तेव्हा एक हुशार तांडेल पुरत नाही, पुष्कळ हात लागतात. ग्राफिक्स कार्डात असे हजारो लहान हात असतात; त्यांस ‘कोअर’ म्हणतात. हेच हात चित्राखेरीज इतर हिशोबांसही उपयोगी पडतात. पुणे जिल्ह्यात खोडद येथे जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांची जुळणी करण्यास अशीच कार्डे लाविली आहेत. आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ‘परम सिद्धी’ हा महासंगणक २०२० साली जगातील पहिल्या शंभरांत गणला गेला, तोही याच जातीच्या यंत्रांच्या बळावर.

आता आकड्यांकडे वळू. कोअरची संख्या हा पहिला आकडा. ती जितकी अधिक तितके बरे, हे खरे. पण एकाच कंपनीच्या एकाच पिढीतील कार्डांची तुलना करावयाची असेल तरच. एनव्हिडिया कंपनीच्या २०१७ सालच्या ‘जीटीएक्स १०८० टीआय’ या कार्डात ३५८४ कोअर आहेत, आणि २०२१ सालच्या ‘आरटीएक्स ३०६०’ मध्येही नेमके ३५८४ च आहेत. पहिले त्या काळचे अव्वल कार्ड होते व २५० वॉट वीज खाई. दुसरे मध्यम प्रतीचे असून १७० वॉटवर चालते. दोघांच्या कोअरची घडण निराळी, मोजण्याची रीतही निराळी. दोन शाळांतील पटसंख्या सारखी असली म्हणून दोन्ही शाळा सारख्या होत नाहीत, तसेच हे आहे. कंपनी बदलली तर ही तुलना अगदीच निरुपयोगी ठरते.

दुसरा आकडा मेमरीचा, आणि आमची फसगत येथेच झाली. मेमरीसंबंधी तीन गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतात. मासळी घेऊन बोट धक्क्याला लागली असे समजा. तिचा खण केवढा, ही झाली मेमरीची क्षमता. ती जीबीमध्ये सांगतात. टोपल्या उतरविणाऱ्या माणसांच्या रांगा किती, ही झाली ‘बस’ची रुंदी, ती बिटमध्ये सांगतात. आणि ती माणसे किती चपळ, हा झाला मेमरीचा वेग; तो तिच्या जातीवर, म्हणजे डीडीआर ३, जीडीडीआर ५, जीडीडीआर ६ इत्यादींवर अवलंबून असतो. खण मोठा, पण उतरविणारी एकच रांग आणि तीही संथ, तर मासळी धक्क्यावर येईपर्यंत लिलाव संपून जाईल. आमच्या कार्डाची गत तीच होती.

याचे गणित सोपे आहे. बसची रुंदी गुणिले वेग, भागिले आठ; म्हणजे सेकंदास किती गिगाबाइट माल हलतो ते मिळते. आमच्या कार्डाचे आकडे घातले: ६४ गुणिले १.८ भागिले ८, उत्तर १४.४. आरटीएक्स ३०६० चे घातले: १९२ गुणिले १५ भागिले ८, उत्तर ३६०. पंचवीसपट! हा हिशोब आम्ही फळ्यावर केला तेव्हा वर्गात एक हास्याची लहर उठली, व तिचा राग मानण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

म्हणून मेमरीची क्षमता व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. काम मेमरीत मावले नाही तर कार्डास वारंवार संगणकाच्या मुख्य मेमरीकडे धाव घ्यावी लागते, आणि ती वाट फार अरुंद आहे. पीसीआय एक्सप्रेस या खाचेच्या तिसऱ्या पिढीत, सोळाही मार्गिका मोकळ्या असल्या तरी, सेकंदास सुमारे १६ जीबीच माल जातो. तेव्हा क्षमता कामास पुरेल एवढी असावी, व ती पुरेशी असेल तर वेग पाहावा.

तिसरी गोष्ट नावाची. आरटीएक्स ३०६० यातील ‘३०’ ही पिढी व ‘६०’ ही त्या पिढीतील पायरी. आपल्याकडील इयत्ता व तुकडी यांसारखीच ही व्यवस्था आहे. परंतु नावावर विसंबून राहू नये. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली निघाले तेव्हा त्याची मेमरी जीडीडीआर ५ जातीची असून सेकंदास ४८ जीबी माल हलवी; २०१८ साली त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे कार्ड बाजारात आले, ते अवघे १६.८ जीबी हलविते. आरटीएक्स ३०६० देखील दोन प्रकारची आहे: १२ जीबीची १९२ बिटची, व ८ जीबीची १२८ बिटची. नाव एक, माल दोन. खोक्याच्या कडेचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय हा भेद उमगत नाही.

पिढी नवी म्हणजे सर्वच आकडे वरचे, असेही नाही. २०२३ सालच्या आरटीएक्स ४०६० ची बस १२८ बिटची व मेमरी ८ जीबीची आहे. सेकंदास ती २७२ जीबी हलविते. आकडे आधीच्या १२ जीबीवाल्या ३०६० हून कमी. परंतु तिच्या मुख्य चिपमध्येच २४ एमबीची जलद मेमरी आहे, जेथे जुनीत ३ एमबीच होती; त्यामुळे तिला बाहेरच्या मेमरीकडे कमी वेळा जावे लागते. खेळांत ती जुनीहून सरस ठरते, आणि वीज ११५ वॉटच घेते. मग आम्ही कोणते कार्ड घ्यावयाचे?

येथे दुकानदाराचा तोच पहिला प्रश्न पुन्हा पुढे आला, जो आम्ही उडवून लाविला होता: काम काय करावयाचे आहे? आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा विद्यार्थ्यांनी बाहेरून तरी पाहिली आहेच. ती मूळची मुंबईस कुलाब्याला होती. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले, आणि त्या विजेने चुंबकसूचीचे वेध बिघडतील म्हणून १९०४ साली ती येथे आणिली. इमारतीसाठी दगडही असा निवडला की त्याचा चुंबकावर परिणाम होऊ नये. काम काय हे आधी ठरले. त्यावरून जागा ठरली, दगडसुद्धा ठरला. साधन निवडण्याची रीत हीच होय.

आमचे काम शेकडो छायाचित्रांतून एक किल्ला उभा करण्याचे. मेशरूममधील मुख्य टप्प्यास ‘कुडा’ लागते, व ते एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालते. म्हणजे कंपनी कोणती हे कामानेच ठरविले. मोठी छायाचित्रे मावण्यास मेमरी अधिक हवी. शिवाय आरटीएक्स ४०६० खाचेतील सोळांपैकी आठच मार्गिका वापरते, आणि आमचा संगणक तिसऱ्या पिढीचा, म्हणजे तिची वाट आणखी अरुंद होणार. म्हणून १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० आमच्या कामास बरे, असा वर्गाने निर्णय केला. दुसऱ्या कोणाचे काम निराळे असेल तर उत्तरही निराळे येईल.

परंतु निर्णय झाला म्हणून लगेच पैसे मोजावयाचे नसतात. बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे शुभवर्तमानात प्रभूने सांगितले आहे. आम्हीही बसलो. कार्ड १७० वॉट मागते. मदरबोर्डावरील खाच फार तर ७५ वॉट देते. उरलेली वीज पॉवर सप्लायमधून निराळ्या वायरीने आणावी लागते, आणि आठ खिळ्यांची अशी एक जोडणी १५० वॉटपर्यंत देते. आमच्या जुन्या पॉवर सप्लायला ती वायरच नव्हती. या कार्डासाठी कंपनी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचविते. तो खर्च कार्डाच्या किमतीत धरला. पेटीत लांबी पुरेल की नाही हे पट्टी लावून पाहिले, कारण असे कार्ड शेजारच्या खाचेचीही जागा अडविते. आमच्या पडद्यास निळ्या व्हीजीए वायरीखेरीज दुसरी जोडणी नव्हती, आणि नव्या कार्डांवर ती जोडणी नसते. म्हणून एक परिवर्तक घ्यावा लागला.

आणखी एक बाब आपल्या किनाऱ्याची. येथील हवा खारट व दमट. लोखंड गंजते तशा विजेच्या जोडण्याही काळवंडतात. पेटी खिडकीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावी, पंख्यांवरील धूळ कोरड्या ब्रशाने काढावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कित्येक गावे किती दिवस अंधारात होती हे आपण विसरलो नाही. वीज जाणे-येणे आपल्याकडे नवे नाही. म्हणून कार्डासह सगळ्या संगणकाचा भार पेलेल असा यूपीएस असावा.

हा सर्व हिशोब कागदावर मांडून आम्ही माजी विद्यार्थ्यांस दाखविला. त्यांच्या देणगीतून १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० सन २०२३ च्या डिसेंबरात शाळेत आले. या वेळी दुकानात ती मुलगी व तिची आई आमच्याबरोबर होत्या. खोके हाती येताच आईने ते आधी उलटून कडेची बाजू मुलीपुढे धरली. तीतील एक अक्षर त्या माउलीस वाचता येत नव्हते. पण वाचावयाचे कोठे, हे तिला ठाऊक होते. मुलीने ‘१२ जीबी’, ‘१९२ बिट’ असे मोठ्याने वाचले, आणि मगच आम्ही पैसे दिले. पुढे स्नेहसंमेलनाच्या दिवशी कुलाबा किल्ला पडद्यावर सर्व बाजूंनी फिरला. समुद्राकडील तटाचा एक भाग अजून अपुरा आहे. तेथे भरतीमुळे छायाचित्रे घेता आली नाहीत.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण घरी अशा कार्डासाठी हट्ट धरून बसता हे आम्हांस ठाऊक आहे. लेखन, हिशोब, धड्यांचे व्हिडिओ पाहणे, प्रोग्राम लिहिण्याचा प्रारंभ, एवढ्यासाठी बहुतेक प्रोसेसरांत अंगचीच चित्रव्यवस्था असते, ती पुरते. निराळे कार्ड लागतच नाही. ते खरोखर हवे असेल तर काम काय ते एका कागदावर लिहा, त्याखाली मेमरीची क्षमता, बसची रुंदी, मेमरीची जात, विजेची गरज व पेटीतील जागा यांचे आकडे मांडा, आणि मग तो कागद वडिलांच्या हाती द्या. बोटीच्या डिझेलातून वाचविलेला पैसा मागताना एवढा अभ्यास करणे हे आपले कर्तव्य आहे. न समजलेले दुकानदारास विचारा. विचारल्याने क्षणभर लहान वाटेल; न विचारल्याने आम्हांस किती लहान व्हावे लागले ते तुम्ही वाचलेच.

आमचे ते ४ जीबीचे पहिले कार्ड टाकून दिलेले नाही. शाळेच्या कचेरीतील संगणकात ते बसविले असून तेथे दोन पडदे ते बिनतक्रार चालविते. त्याच्यात दोष नव्हताच. चुकीच्या कामास ते आम्ही जुंपले होते. कचेरीत जाण्याचा प्रसंग येतो तेव्हा त्याच्या पंख्याचा बारीक आवाज कानी पडतो, आणि त्या मासळीच्या वासाच्या नोटा आम्हांस आठवतात.